मुक्ताबाईचा पहारा

गुरुराजअण्णानं जेसीबी लावून पाणंद उकरली त्याला आज आठवा दिवस होता, आणि या आठ दिवसांत मुक्ताबाईची मान ओझ्यानं एका अंगाला कलायला लागली होती.

पाणंद म्हणजे काही मोठी सडक नव्हे. शिरवळगीच्या वेशीपासून ओढ्याकडं जाणारी, दोन्ही अंगांना तरवडाची झुडपं असलेली, एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. गाव होटगीच्या पलीकडं, अर्धं मराठी बोलणारं, अर्धं कानडी. गावात आता एटीएम आलं, तीन मेडिकल झाली, आठवडी बाजाराला पत्र्याचं छप्पर झालं. पण शेताला जायची वाट तीच, पणज्याच्या बैलांनी पाडलेली. दिवाळीत गुरुराजअण्णानं त्या वाटेच्या तोंडाचा तुकडा विकत घेतला आणि फाल्गुन लागताच मधोमध चर मारला. छातीएवढा खोल, बैल उडी मारून जाणार नाही एवढा रुंद. "पाइपलाइन टाकायची हाय," म्हणाला. पाइप काही आले नाहीत. चर तेवढा आला.

चराच्या पलीकडं रामहरी आणि मुक्ताबाईची तीन एकर काळी जमीन. यंदा मालदांडी ज्वारी अशी आली होती की उपटताना हाताची सालं निघाली. ती उपटून झाली, कणसं मोडून झाली, खळ्यावर ढीग लागला. आता मळणीचं मशीन तेवढं यायचं होतं. मशीन संगमेशचं, ट्रॅक्टरला जोडून चालणारं. तो आला, चराशी ट्रॅक्टर उभा केला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, हितनं माझं चाक न्हाई जायाचं. कणसं अलीकडं आणा, मी वेशीपशी मळून देतो."

अलीकडं आणा म्हणजे डोक्यावरनं. पाटी भरायची, चरात उतरायचं, तळाच्या ओल्या मातीत पाय रुतवत चालायचं, गुडघ्यावर हात देऊन वर चढायचं. तीन एकरांची कणसं! पन्नाशी उलटलेली दोन माणसं. पोरगी रेश्मा सोलापुरात भवानी पेठेत दिलेली, तिची तिथं चादरीच्या कारखान्यात पाळी. तिला बोलावून काय करायचं?

"अवं, पाटी माझ्याकडं द्या. तुमी नुसतं उतरा," मुक्ताबाई म्हणाली.

"मी काय म्हातारा झालो व्हय?" रामहरी म्हणाला आणि पाटीसकट खाली गेला.

आधी कणसं सांडल्याचा आवाज आला, मग वाळकं लाकूड मोडल्यासारखा एक. रामहरी चराच्या तळाशी बसला होता. उजवं पाऊल भलतीकडं वळलेलं. तोंड पांढरं पडलेलं, आणि तशातही तो सांगत होता, "मुक्ते, कणसं बघ. चिखलात गेली बघ कणसं."

संगमेशनं आणि त्याच्या दोन गड्यांनी त्याला पोत्यात घालून वर काढलं. जित्या माणसाला पोत्यात घालून त्याच्याच वाटेवरनं बाहेर काढायचं! दवाखान्यातनं रामहरी गुडघ्यापर्यंत पांढरं प्लास्टर घेऊन परत आला.

"काकू, मी शनिवार दुपारपोतर थांबतो," संगमेश म्हणाला. तो मोबाइलवर ढगांचं चित्र बघत होता. "बारा वाजता मशीन होटगीला जाणार. तितली माणसं दिवसाला चार फोन करत्यात. आन् गारा सांगितल्यात बघा, शनिवार संध्याकाळ."

भिजलेली ज्वारी काळी पडते. काळ्या ज्वारीची भाकरी थापता थापता चिरते आणि व्यापारी तिला हातही लावत नाही. वर्षाचं अन्न त्या ढिगात होतं.

*

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसलेला. विठ्ठलाच्या देवळापुढं मांडव, मांडवावर कर्णे. मुक्ताबाईला कीर्तनाचं वेड पोरपणापासून. माहेरी बाप टाळ घेऊन उभा राहायचा आणि ती त्याच्या धोतराचा सोगा धरून. लग्नानंतर दरवर्षी सात दिवस ती मांडवातल्या डाव्या खांबाला टेकून बसायची, बुवांनी चाल बदलली की आपसूक डोळे मिटायची. यंदा एकाही कीर्तनाला बसली नव्हती. कर्ण्यातनं आवाज शेतापर्यंत यायचा. ती चरात उतरली की आवाज बुडायचा, वर आली की परत कानावर पडायचा. बुवा दया सांगत होते, क्षमा सांगत होते, आणि तिच्या डोक्यावरच्या पाटीतनं कुसळं मानेवर गळत होती.

रामहरी पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मांडवात गेली. दारातच अण्णाचा फलक. त्यात अण्णा हात जोडून उभा, विठ्ठल वरच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा. खरा अण्णा खुर्चीत बसून आचाऱ्याला काहीतरी सांगत होता. सप्ताह कमिटीचा अध्यक्ष. कपाळाला बुक्का, अंगात कडक इस्त्रीचं पांढरं.

"या काकू, या. दादांचं कळलं. लई वाईट झालं," अण्णा म्हणाला. "बघून चालाया नगं का?"

मुक्ताबाईनं तो टोमणा गिळला. "गुरू, दोन दिवसापुरता चर बुजव. मशीन आत जाऊन येऊ दे. मग परत उकर तुला काय उकरायचं ते."

"काकू, जेसीबी काय घरची हाय व्हय? सप्ताह होऊ द्या, मग बसू की निवांत." आवाज खाली आणला. "आन् खरं सांगू का? तुमचं आता वय झालं. पोरगी सोलापुरात. ती तीन एकर माझ्याकडं द्या. मी बाजारभाव सोडून न्हाई बोलायचो. रोजची ही कटकट तरी मिटंल."

"वाट बंद केल्यावर कसला बाजार, गुरू?"

"तहसीलात अर्ज करा मग," अण्णा हसला. "कोण न्हाई म्हणतंय?"

अर्ज तिनं केलाच होता. तिथल्या माणसानं नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि "नकाशात वाट दिसत नाही" म्हणून पुढच्या महिन्याची तारीख दिली. ज्या वाटेनं ती नवरी होऊन शेत बघायला गेली, सासऱ्याला ओढ्याकाठी जाळायला ज्या वाटेनं नेलं, ती नकाशात दिसत नाही.

मांडवातनं ती बाहेर पडते तोच कर्णा खरखरला. कमिटीच्या ईरप्पाचा आवाज. "महाप्रसादासाठी ज्यांच्या घरची ज्वारी अद्याप आलेली नाही, त्यांची नावं ऐका." दरवर्षी काल्याच्या पंगतीसाठी घरटी दोन पायली नवी ज्वारी द्यायची ही गावची रीत. बाया ती दळून भाकरी करतात, आणि सगळ्या गावाच्या भाकरी एका ठिकाणी चुरून काला होतो. ईरप्पानं एकच नाव वाचलं. रामहरीचं. दुपारी परत वाचलं, संध्याकाळी परत. पारावर बसलेली माणसं तिच्याकडं बघायची नाहीत, मुद्दाम दुसरीकडं बघायची. तिला वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"अय्यो यव्वा!" शेजारची शांतम्मा कडाडली. तिचं घर कानडी, तोंड दोन्ही भाषांत धारदार. "तुझी ज्वारी अडवून ठेवतो तोच, आन् ज्वारी न्हाई म्हणून कर्ण्यावर वरडतो पण तोच! मुक्तव्वा, हे देवाचं दार हाय का ह्याच्या बापाचं?"

घरी रामहरी भिंतीला टेकून बसलेला. त्यानं तिन्ही वेळा नाव ऐकलं होतं.

"शनवारी सकाळी आपला पहारा हाय," तो एवढंच म्हणाला. "सहा ते आठ. ह्या पायानं मी कसा उभा राहू?"

*

सप्ताहात वीणा सात दिवस सात रात्री खाली टेकत नाही. एकानं गळ्यात घालायची, देवापुढं उभं राहून नाम घ्यायचं, दोन तासांनी दुसरा येतो, त्याच्या गळ्यात द्यायची. याला पहारा म्हणतात. कुठल्या घराचा पहारा कधी, हे शिरवळगीत आज्यापासून ठरलेलं. शेवटच्या दिवशी सकाळी सहाचा रामहरीच्या घराचा, आठचा अण्णाच्या घराचा. तो शेवटचा पहारा मानाचा. काल्याच्या कीर्तनात बुवांच्या मागं वीणा घेऊन उभं राहायचं, हंडी फुटताना पुढं असायचं, फोटो निघतात. तालुक्याचे पाहुणे येणार म्हणून अण्णानं फलकावर तेही छापलं होतं, आणि सप्ताह बसला त्या दिवशी माईक धरून सगळ्यांना बजावलंही होतं, "वीणा खाली टेकली तर सप्ताह मोडला. नियम म्हंजे नियम. मग तो कुणी का असंना."

शनिवारी उजाडताना मुक्ताबाई ओल्या केसांनी देवळात आली. मावळतीला ढगांची काळी भिंत उभी होती. तिच्या आधीचा पहारा कोंडीबाबांचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गावातले सगळ्यात जुने टाळकरी.

"बाबा, ह्यांचा पाय मोडलाय. मी उभी राहू का?"

"पहारा घराचा असतो, पोरी. घरात ज्याला उभं राहता येतं त्यानं राहायचं."

तिनं वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. बाबांनी वीणा तिच्या गळ्यात घातली आणि मग ते स्वतः खाली वाकले. गुडघे कडकड वाजले. कपाळ थेट तिच्या पावलांवर. ती दचकून मागं सरली. तिच्या टाचांच्या भेगांत काळी माती घट्ट बसलेली, अंगठ्याचं नख चरात ठेचून निळं पडलेलं.

"बाबा, तुमी नगा हो!"

"तुझ्या न्हाई पडलो, वीणेकऱ्याच्या पडलो," बाबा उठत म्हणाले. "देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. तेवढं झालं न्हाई, तर तुझ्या गळ्यात नुसता भोपळा आन् काठी हाय."

मुक्ताबाई उभी राहिली. तारेवर बोट पडलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास खोल गेला. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल. समोर सावळी मूर्ती, कमरेवर हात. ती मनात त्याच्याशी बोलत होती, जशी चुलीपुढं बोलायची तशीच. देवा, ढग आलेत. देवा, संगमेश बाराला जाणार. देवा, तुझ्या पंगतीची ज्वारी पण तितंच अडकली हाय रे, तुलाच उपाशी ठेवलंय ह्यानं.

आठ वाजले. अण्णा आला. रेशमी उपरणं, गळ्यात तुळशीची नवी माळ, मागं मोबाइल धरून दोन जण.

"द्या काकू. दमला असाल." त्यानं एक हात पुढं केला आणि दुसरा तिच्या गुडघ्यापाशी नेऊन परत आपल्या छातीला लावला. अण्णाचा नमस्कार असाच असे. कुणाच्याही गुडघ्याखाली तो कधी गेला नव्हता.

मुक्ताबाईनं त्या हाताकडं बघितलं. ही काही आधी ठरवून आलेली बाई नव्हती. ती वीणा द्यायलाच निघाली होती, पट्टा मानेवरनं अर्धा उचललाही होता. पण तो गुडघ्यापाशी थबकलेला हात तिनं बघितला, आणि आपल्या टाचांतली माती बघितली, आणि ती माती कुठली हे तिला आठवलं.

पट्टा तिनं परत मानेवर टाकला.

"गुरू, तू माझ्या पाया पडणार, मी तुझ्या पडणार. ज्या पायांवर डोकं ठेवायचं त्यांची वाट तोडायची आन् मग तितंच डोकं ठेवायचं, हे कसं रे?"

अण्णाला आधी कळलंच नाही. "म्हंजे?"

"म्हंजे आधी चर बुजव. मशीन माझ्या खळ्यावर जाऊ दे. मग वीणा घे. तवर मी उभी हाय."

मांडवात भाजी चिरणाऱ्या बायांचे विळे थांबले.

"काकू, डोकं फिरलं का तुमचं? सप्ताह मोडायचाय?"

"मोडला कुटं? वीणा गळ्यात हाय, नाम चाललंय." आणि ती परत तारेवर बोट ठेवून विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागली.

अण्णा कोंडीबाबांकडं वळला. "बाबा, सांगा की हिला."

बाबांनी टाळाची दोरी सोडली, परत बांधली. "काय सांगू? दुसरा घेईपोतर पहिल्यानं सोडायची न्हाई, एवढाच नियम हाय. ती सोडत न्हाई. तू पहिल्या दिवशी माईकवर बोललास की, नियम म्हंजे नियम."

"ईरप्पा! तू घे रे वीणा हिच्याकडनं."

ईरप्पा पुढं आला. वाकायला लागला. मुक्ताबाई थांबून म्हणाली, "घे, ईरप्पा. पण आधी माईकवर सांग, रामहरीच्या घरची ज्वारी का न्हाई आली ते. तीन वेळा नाव वाचलंस. आता कारण पण वाच."

ईरप्पा अर्धा वाकलेला तसाच राहिला. मग सरळ झाला. "मला आचाऱ्याकडं बघायचंय," म्हणाला आणि गेला.

कुणीतरी हसलं. शांतम्माच असणार.

"शांतम्मा, तू घे," अण्णा ओरडला.

"मी घेतली तर पुढं तुला द्यावी लागंल," शांतम्मा विळा पुसत म्हणाली. "माझा न्हाई बाबा पहारा. आमच्या घराचा बुधवारीच झाला."

"मी काय जमीन गिळली का हिची?" अण्णा आता सगळ्यांना विचारत होता. "पाइपलाइनचं काम हाय ते!"

"पाइप दाखव," मुक्ताबाई म्हणाली.

पाइप कुणीच दाखवला नाही. चार-पाच माणसं खाली बघत राहिली. त्यांतल्या दोघांची शेतं त्याच वाटेवर पुढं होती; आठ दिवस ते दुसऱ्याच्या बांधावरनं चोरासारखे जात होते आणि गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्याचा मुक्ताबाईला चराइतकाच राग होता.

*

नऊ वाजले. खांदे भरून आले. पिंढऱ्यांत गोळे उठले. शांतम्मानं तांब्या तिच्या तोंडाला लावला, निम्मं पाणी पदरावर सांडलं. साडेनऊला अण्णा परत आला, या वेळी मऊ होऊन. "काकू, उद्या बुजवतो. विठ्ठलाची शपथ." ती म्हणाली, "शपथ नगं. खोरं आण." मग तो तापला, पोलिसांचं नाव काढलं. कोंडीबाबा म्हणाले, "बोलाव. येतील, बूट काढून आत येतील, आन् बाईच्या गळ्यातनं वीणा वढतील. तुझे फोटोवाले हायतच टिपायला."

आतनं मात्र तिला एक शंका पोखरत होती. हे बरं का? देवाला मधी घालून वाट मागायची? बापानं टाळ असा कधी धरला नव्हता. देवा, रागावलास तर रागव माझ्यावर. पण माणसाकडं मागितलं, त्यानं हसून वाटेला लावलं. कचेरीत मागितलं, त्यांनी तारीख दिली. आता तुझ्या दारात उभी राहून नाम घेतेय, ह्यात काय खोटं हाय ते तूच दाखव. मूर्ती तशीच उभी, कमरेवर हात ठेवून. देवही किती काळ उभाच होता, हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं आणि तिनं पाय जरा फाकवून नीट रोवले.

दहाला काल्याचं कीर्तन करणाऱ्या गिरिजाबाई आल्या. शेजारच्या तालुक्यातल्या, साठीला आलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र पखवाजावर मात करणारा. त्यांच्या मागोमाग तालुक्याचे पाहुणे पुढच्या खुर्च्यांत येऊन बसले. अण्णा गिरिजाबाईंच्या कानाशी लागला. त्यांनी ऐकून घेतलं. मग चालत मुक्ताबाईपुढं आल्या, बराच वेळ तिच्या पायांकडं बघत राहिल्या.

"कधीपासून उभी आहेस, माऊली?"

"सहापसनं."

गिरिजाबाई अण्णाकडं वळल्या. "मला मागं टाळकरी लागतात, पखवाज लागतो, वीणेकरी लागतो. वीणेकरी उभा आहे. अडलंय काय?" आणि त्या थेट नारदाच्या गादीवर जाऊन उभ्या राहिल्या.

अण्णा पाहुण्यांपुढं मोकळ्या हातांनी उभा राहिला. फलकावर छापलं होतं तसं काहीच नव्हतं.

कीर्तन लागलं. मुक्ताबाई बाईंच्या मागं उभी. यंदाचं तिचं पहिलं कीर्तन, आणि तेही असं, वीणा घेऊन. टाळ एका ठेक्यात पडले तेव्हा तिच्या दुखऱ्या खांद्यांना जरा उचलून धरल्यासारखं झालं.

"काला कुठं झाला?" गिरिजाबाईंनी विचारलं. "राजवाड्यात झाला का हो? नाही. रानात झाला. सगळ्या गोपाळांनी आपापल्या घरची शिदोरी आणली, कुणाची शिळी, कुणाची ताजी, देवानं ती एकात कालवली. बरं, रानात गेले कसे? गाई गेल्या पुढं, गोपाळ गेले मागं. वाटेनं गेले. आता कंस केवढा दुष्ट! त्यानं पूतना पाठवली, राक्षस पाठवले. पण मी पोथ्या चाळून बघितल्या हो, कंसानं गाईंच्या वाटेत चर खणल्याचं कुठं लिहिलेलं नाही. सुचलं नसेल म्हणावं, तर कंस हुशार होता. पण भाकरीची वाट अडवावी, इतक्या खालच्या पायरीला कंससुद्धा उतरला नव्हता!"

मांडव आधी हसला. मग हसणं विरलं आणि टाळ्या सुरू झाल्या, बायांच्या बाजूनं आधी, मग सगळीकडनं.

"पुढं बसलेल्यांनी अंगाला लावून घेऊ नका," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "मी गोकुळातलं सांगतेय."

पहिल्या खुर्चीतला पाहुणा अण्णाच्या कानाशी वाकला. "कुठला चर म्हणतात हो ह्या?"

अण्णा उठला. मांडवाबाहेर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालताना दिसला. परत येऊन मुक्ताबाईच्या बाजूला दबक्या आवाजात म्हणाला, "सांगितलंय. जेसीबी निघाली. आता द्या."

तिनं नाम न थांबवता मान हलवली. मग श्वास घ्यायला थांबली तेव्हा म्हणाली, "मशीनचा आवाज ऐकू आला पायजे."

अकरा वाजून गेले. वारं सुटलं, मांडवाची कनात फडफडायला लागली. गिरिजाबाईंनी अचानक हात वर केला. पखवाज थांबला, टाळ थांबले. एवढ्या माणसांत फक्त तिची वीणा वाजत राहिली.

"ऐका," बाई म्हणाल्या.

लांबनं, पाणंदीच्या अंगानं घरघर येत होती. "चाललं की मशीन!" अण्णा म्हणाला आणि हात पुढं केला.

"रिकामं हाय ते," मुक्ताबाई म्हणाली.

मांडवातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते कळत होतं. रिकामं मशीन उंच आवाजात फिरतं. कणसं तोंडात पडली की आवाज जड होतो, खाली बसतो. सगळा मांडव कान देऊन उभा होता. पाहुण्यांना कशासाठी ते कळत नव्हतं, पण तेही पाणंदीच्या अंगाला बघायला लागले. आणि मग आवाज बसला. घर्र करून दबला, परत उठला, परत दबला.

"पडली कणसं," कोंडीबाबा म्हणाले.

मुक्ताबाईनं डोळे पुसले नाहीत. हात मोकळे नव्हते. ती वीणेसकट गुडघ्यावर बसली आणि गुरुराजच्या पायावर कपाळ ठेवलं. अर्धंमुर्धं नव्हे, पूर्ण. रीत ती रीत. मग उभी राहिली आणि पट्टा मानेवरनं काढून दोन्ही हातांत वीणा आडवी धरली.

अण्णाचा हात तिच्या गुडघ्यापाशी आला आणि छातीला लागायला निघाला.

तिनं वीणा सोडली नाही. नुसती उभी राहिली.

अण्णानं पाहुण्यांकडं बघितलं, फोटोवाल्यांकडं बघितलं, कोंडीबाबांकडं बघितलं. बाबा टाळ पुसत होते. मग तो वाकला. इस्त्रीचं पांढरं कंबरेत मोडलं. उपरणं घसरून जमिनीला लागलं. कपाळ हळूहळू खाली आलं आणि तिच्या निळ्या नखाच्या अंगठ्यावर टेकलं. वर आलं तेव्हा बुक्क्याच्या जागी काळ्या मातीचा ठिपका होता.

"रामकृष्णहरी," मुक्ताबाई म्हणाली आणि वीणा त्याच्या गळ्यात घातली.

*

ती हंडीला थांबली नाही. पाय ओझ्यासारखे उचलत पाणंदीला लागली. शांतम्मा मागोमाग, डोक्यावर रिकामी पोती. चर घाईघाईनं बुजवला होता. वरनं ढेकळं, आत पोकळ. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या. पलीकडं खळ्यावर भुसा उडत होता, रामहरी प्लास्टरचा पाय पुढं पसरून कडब्याच्या पेंढीवर बसला होता आणि संगमेशच्या गड्यांवर ओरडत होता. त्याला कुणी उचलून आणलं कोण जाणे.

तेवढ्यात गावातनं कर्णा खरखरला. ईरप्पाचा आवाज वाऱ्यावर हेलकावत आला. "आपले अध्यक्ष गुरुराजअण्णा यांनी मोठ्या मनानं शेतकऱ्यांसाठी पाणंद खुली करून दिल्याबद्दल समस्त गावकऱ्यांच्या वतीनं त्यांचे जाहीर आभार..."

मुक्ताबाई जागच्या जागी थांबली. आठ दिवस मानेवर आलेलं कुसळ न् कुसळ टोचलं. मोडलेला पाय, पोत्यात घातलेला नवरा, तीन वेळा वाचलेलं नाव, आणि वरनं हे मोठं मन!

"चल माघारी," शांतम्मा फणफणली. "तो माईकच त्याच्या घशात कोंबते."

मुक्ताबाईनं मावळतीच्या ढगांकडं बघितलं, मग खळ्याकडं. "आधी पोती भरू दे." आणि पायाखाली बघितलं. ढेकळं टाचेखाली फुटत होती, माती आत बसत होती. एका पावसात हे सगळं खचणार आणि अण्णा म्हणणार, वाट देवानंच नेली.

तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि बुजवलेल्या मातीवर पाय आपटत चालायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळून परत. टाच, चवडा, टाच, चवडा.

"काय करतेस गं?"

"दाबते."

शांतम्मानं पोती बांधावर टाकली आणि ती पण उतरली. दोघी समोरासमोर येत, ओलांडत, परत वळत माती तुडवू लागल्या. थोड्या वेळानं ज्या दोघांची शेतं पुढं होती ते मान खाली घालून आले. मुक्ताबाई त्यांना 'या' म्हणाली नाही आणि 'जा' म्हणाली नाही. त्यांनी चपला काढल्या आणि तेही तुडवायला लागले.

बारा वाजून गेले तरी खळ्यावर मशीन जड आवाजात चालत होतं. पहिल्या पोत्यातनं दोन पायली ज्वारी रामहरीनं पाटीत वेगळी काढून ठेवली होती, देवाची.